कोर्ट उठेपर्यंत

अहल्येच्या लग्नात सगळ्यांत आधी कुणाचं पान कापलं गेलं असेल, तर ते तिच्या आत्येचं.

अनुसूया आत्या ही त्रिविक्रमरावांची थोरली बहीण. अहल्येची आई गेली तेव्हा अहल्या अजून बोबडं बोलत होती. तेव्हापासून तिचं न्हाणंमाखणं, शाळा, आजारपण सगळं आत्येनंच काढलेलं. त्या लग्नात पहिलं पान जिचं मांडायचं, तीच आदल्या रात्री भावाला म्हणाली, "त्रिविक्रमा, माझं पान धरू नको. मी घरी जाऊन दह्यात अवलक्की भिजवून खाईन. मला काय, पोहे असले की झालं."

सहासष्ट सालचा वैशाख होता. पाऊस दगा देऊन गेलेला, रेशनच्या दुकानापुढे उजाडायच्या आधीपासून पिशव्यांची रांग लागायची, आणि सरकारनं हुकूम काढला होता, की लग्न असो, मुंज असो, पन्नासाच्या वर पानं मांडायची नाहीत. केळी द्या, शेंगदाणे द्या, कॉफी पाहिजे तेवढी पाजा. भात आणि पोळी मात्र पन्नासांनाच. जास्त वाढलं तर यजमानावर खटला.

त्रिविक्रमराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बंगळुरात रुजलेलं; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. माणूस असा, की दिवेलागणीनंतर दिवा नसला तर सायकल हातात धरून चालत घरी येणारा. देशासाठी म्हणून सोमवारचा रात्रीचा उपास सगळ्या आळीनं धरला आणि दोन-चार महिन्यांत सोडला. त्यांचा चालूच होता. तेव्हा पन्नास म्हणजे पन्नास, ह्यात त्यांच्या मनात शंकाच नव्हती. याद्या झाल्या त्या दिवशी त्यांनी व्याह्यांना, प्रतापरावांना, हात जोडून सांगितलं होतं, "चाळीस पानं तुमची, दहा आमची. ह्याहून जास्त देता आलं असतं तर आनंदानं दिलं असतं." प्रतापराव "अहो, चाळीस म्हणजे डोक्यावरून पाणी," म्हणाले होते. चारचौघांत म्हणाले होते.

मग त्रिविक्रमरावांनी स्वतःच्या माणसांची दारं धरली. शेजारी, कचेरीतली मंडळी, मावसभाऊ, ज्यांच्या मांडीवर ते स्वतः खेळले होते ती म्हातारी माणसं. प्रत्येकाला तेच, "अक्षता टाकायला या, कॉफी घ्या, पण पान नाही हो मांडता येत." कुणी वाईट वाटून घेतलं नाही. सगळ्यांच्याच घरी तेव्हा तांदळाचा डबा तळाला लागलेला होता.

लग्न चामराजपेठेतल्या एका छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात होतं. मुहूर्त वेळेवर लागला. आणि जेवणाची पानं मांडायला घेतली तेव्हा अहल्येनं माडीच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर अंगणात माणसंच माणसं. यशवंतपूरच्या स्टेशनावर सकाळच्या गाडीनं साताऱ्याकडची मंडळी उतरली होती आणि दोन भाड्याच्या बसगाड्या भरून आली होती. चाळीस कसली, शंभराच्या वर असतील.

पहिली पंगत बसली ती सगळी वरपक्षाचीच. मुलीकडच्या दहा पानांवरही तेच बसले. ती उठायच्या आत उरलेली माणसं दाराशी ताटकळत उभी. त्रिविक्रमराव प्रतापरावांना बाजूला घेऊन काही बोलत होते. खिडकीतून शब्द ऐकू येत नव्हते, पण वडलांचे जोडलेले हात अहल्येला दिसत होते. मग प्रतापरावांचाच आवाज चढला आणि सगळ्या अंगणानं ऐकला.

"कायदा! मग माझी माणसं काय उपाशी परत पाठवता? दोन रात्रींचा प्रवास करून आलीत ती! तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा. माणसं न जेवता उठली, तर तुमची मुलगी इथंच ठेवून मुलाला घेऊन मी स्टेशनचा रस्ता धरतो. बघा!"

त्रिविक्रमरावांनी जोडलेले हात सोडले. मग मुदपाकखान्यात गेले. थोड्या वेळानं आत्या मागच्या दारानं घाईघाईनं घराकडे जाताना अहल्येला दिसली. परत आली ती डोक्यावर पितळी डबा घेऊन. घरातला महिन्याचा तांदूळ होता तो.

दुसरी पंगत बसली. हुळीची आमटी झाली, चित्रान्न झालं, पायस वाढायला निघालं, आणि फाटकाशी जीप थांबली. पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर होता, बरोबर दोन पोलीस. कुणी कळवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो सरळ पंगतीत शिरला आणि मधूनच चालत पानं मोजू लागला. पायांतले बूटसुद्धा काढले नाहीत.

"यजमान कोण?" त्यानं कानडीत विचारलं.

त्रिविक्रमराव पळीसकट पुढे आले. हातावर पायस सांडलेलं. "मी."

अहल्या माडीवरून खाली धावली तोवर अर्धी पंगत उठली होती. माणसं खरकट्या हातांनीच मागच्या दारानं पांगत होती. तिला बायकांनी जिन्यातच अडवलं. नवरीनं पुढे जायचं नसतं म्हणाल्या. माणसांच्या खांद्यांवरून तिला एवढंच दिसलं, की तिचे वडील, अण्णा, मान खाली घालून कशावर तरी सही करताहेत, आणि तिचे सासरे दूर उभे राहून धोतराच्या सोग्यानं तोंड पुसताहेत.

त्या दिवशी त्रिविक्रमराव जेवले नाहीत. आत्याही जेवली नाही.

*

अहल्येचं सासर मल्लेश्वरात. नवरा पद्माकर सरकारी कारखान्यात इंजिनियर. प्रतापराव निवृत्त होऊन साताऱ्याहून मुलापाशी येऊन राहिलेले. सासूबाई, हेमलताबाई, वाईट नव्हत्या; पण अहल्येनं "पाणी सांडलं" म्हणायच्या ऐवजी "नीर सांडलं" म्हटलं की सगळं घर हसायचं, त्यात त्याही हसायच्या. प्रतापराव आल्यागेल्याला सांगायचे, "आमची सून मराठीच हो, पण मद्राशी मराठी." अहल्या ते गिळत होती. नवी नवरी, गिळायचंच असतं, असं आत्येनं सांगून पाठवलं होतं.

लग्नाला महिना होत आला तेव्हा बातमी आली, की खटला दाखल झाला आणि कचेरीनं त्रिविक्रमरावांना घरी बसवलं. निकाल लागेपर्यंत सस्पेंड. अहल्येनं ते ऐकलं आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, तोंडात पदर कोंबून रडली.

त्याच आठवड्यात नंदकिशोर काका जेवायला आले. प्रतापरावांचा हा धाकटा भाऊ बंगळुरातच औषधांच्या एजन्सीत होता. गप्पिष्ट, हसरा माणूस, स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. तिन्ही पुरुष पाटावर बसले होते, अहल्या वाढत होती.

"मला पण समन्स आलं बरं का, दादा," काका भाताचं आळं करत म्हणाले. "सरकारी साक्षीदार!"

प्रतापराव गडबडीनं म्हणाले, "जेव तू आधी."

पण काकांना थांबायची सवय नव्हती. "अरे, हसू येतं मला. तो इन्स्पेक्टर म्हणाला, पाहुण्यांपैकी एक प्रतिष्ठित माणूस पंच म्हणून सही करा, बाकीच्यांना सोडतो, नाहीतर एकूण एक नावं लिहून घेतो. दादा म्हणाला, कर रे सही, पद्माकर सरकारी कारखान्यात आहे, त्याचं नाव कशाला त्या कागदात. म्हटलं, आण पेन! पोटात पायस, हातात पेन." ते मनापासून हसले.

अहल्येच्या हातात आमटीचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"तुम्ही जेवलात, आणि अण्णांच्या विरुद्ध सही केलीत?"

घरात आल्यापासून तिचा आवाज एवढा कुणी ऐकला नव्हता. काकांचा घास हातातच राहिला.

"विरुद्ध म्हणजे काय, सूनबाई? पानं किती मांडली ते खरंच होतं ना?"

"पानांवर कोण बसलं होतं, तेही खरं होतं. ते लिहिलंत?"

"अहल्या," प्रतापराव म्हणाले, "आत जा."

"मामंजी, चाळीस म्हणून कबूल केलं होतं तुम्ही. माझ्यासमोर. मुलगी इथंच टाकून जाईन म्हणालात, तेही मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझी आत्या घरचा तांदूळ डोक्यावरून घेऊन आली, ती आणि अण्णा उपाशी राहिले, आणि ज्यांच्यासाठी वाढलं त्यांनीच पंच म्हणून सह्या केल्या?"

"म्हणजे पद्माकरची नोकरी घालवायची होती का मी?" प्रतापराव पाटावरून अर्धे उठले. "तुझ्या बापाला होऊन होऊन काय होईल? दंड होईल. तो मी भरतो, पाहिजे तर! आत्ता भरतो! आवाज खाली कर."

अहल्येच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती त्या 'भरतो'नं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पद्माकर पानातल्या भाताकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. तो काही बोलेल, वडलांना नुसतं "दादा, हे बरं नाही केलं" एवढं तरी म्हणेल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. मग वळली, स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवशी पुन्हा वाढायला बाहेर आली नाही. मागचा भात सासूबाईंनी वाढला.

*

रविवारी ती माहेरी गेली. त्रिविक्रमराव ओसरीवर बसून सायकलची साखळी पुसत होते. कचेरीला जायचं नव्हतं, तरी सायकल लखलखीत.

"कोर्टात सांगा सगळं," ती पायातल्या चपला काढायच्या आत म्हणाली. "चाळीसचं कबूल केलं होतं, ते त्याहून जास्त माणसं घेऊन आले, धमकी दिली. सगळं सांगा."

"बस आधी, पुट्टी. पाणी घे." लेकीला ते अजून ह्याच लाडक्या कानडी नावानं हाक मारायचे.

"मला पाणी नको."

त्रिविक्रमराव फडक्याला हात पुसत राहिले. "वकिलाला विचारलं मी. तो म्हणाला, कोण किती घेऊन आला हे कायद्याला नको असतं. वाढलं कुणी, एवढंच विचारतात. मी वाढलं. गुन्हा कबूल करतो म्हणून सांगून टाकलंय त्याला."

"म्हणजे ते सगळे सुटले!"

"तुला त्यांच्याच घरात राहायचंय."

"अण्णा, तुम्ही त्या दिवशी 'नाही' का नाही म्हणालात? आयुष्यभर सगळ्यांना नियम सांगितलेत. मला दिव्याशिवाय शेजारच्या गल्लीत सायकल नेऊ दिली नाहीत कधी. त्या दिवशीच कुठे गेला होता तुमचा नियम?"

हे लागेल हे तिला ठाऊक होतं. लागावं म्हणूनच ती बोलली. आतून आत्या "अगं, अगं," करत आली, पण त्रिविक्रमरावांनी हात करून तिला थांबवलं.

"तुझं लग्न मोडलं असतं," ते म्हणाले.

"मोडू द्यायचं!"

"ते आत्ता म्हणतेस तू. माडीवर शालू नेसून बसली होतीस. मी वर बघितलं, तू खिडकीत होतीस." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "नियम मोडला मी. मोडताना समजून मोडला. आता शिक्षा होईल ती घेतो. त्यात रडण्यासारखं काही नाही."

अहल्येला रडू येतच नव्हतं. वडलांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. त्याच आठवड्यात लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याकडच्या लग्नात हजार पानं उठली, आणि मोटारींना वाट करून द्यायला पोलीसच उभे होते, असं सगळं गाव बोलत होतं. आणि इथं हा माणूस आपल्या गुन्ह्याला एवढा जपत होता, जणू तीच एक गोष्ट त्याच्या हातात राहिली होती.

*

खटल्याच्या दिवशी प्रतापरावांनी तिला बजावलं, "आपल्या घरातली बाई कोर्टाची पायरी चढणार नाही." अहल्येनं वेणी घातली, पायात चपला घातल्या आणि निघाली. ते उंबऱ्यात उभे होते. "मामंजी, बाजूला व्हा," ती म्हणाली. ते झाले. एवढी ती सरळ त्यांच्याकडे बघत होती.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात बाजारासारखी गर्दी होती. दिव्याशिवाय सायकल चालवणारे, रस्त्यात म्हैस बांधणारे, पत्ते खेळताना धरलेले. नाव पुकारायचं, "कबूल?" "कबूल," दंड, पुढचा. नंदकिशोर काका व्हरांड्यात खांबाला टेकून सिगारेट ओढत होते. अहल्येला बघून त्यांनी सिगारेट मागे लपवली आणि मग उगाच घड्याळ पाहिलं. आत्या बाकावर फडक्यात बांधलेला डबा मांडीवर घेऊन बसली होती.

त्रिविक्रमरावांचं नाव पुकारलं. ते कोट-टोपी घालून आले होते, कचेरीत जायचे तसेच. पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हा जेवण वाढणारा," आणि बाकांवर खसखस पिकली.

"कबूल?"

"कबूल आहे."

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?"

"नाही, स्वामी."

वकील खाली मान घालून दुसऱ्याच कुणाचे कागद चाळत होता. मॅजिस्ट्रेटनं लिहायला लेखणी उचलली. आणि अहल्या उठून उभी राहिली.

"मला सांगायचंय," ती कानडीत म्हणाली.

शिपाई "खाली बसा," म्हणून ओरडला. मॅजिस्ट्रेटनं चष्म्यावरून पाहिलं. "कोण ह्या?"

"मी ह्यांची मुलगी. लग्न माझंच होतं. ह्यांनी पन्नासचीच तयारी केली होती. सख्ख्या बहिणीला जेवू घातलं नाही, ती ही इथं बसलीय. जास्तीची माणसं माझ्या सासऱ्यांनी आणली, आणि वाढलं नाहीत तर मुलगी टाकून जाऊ म्हणाले. त्या पंगतीत जेवलेला माणूस तिथं बाहेर उभा आहे, सरकारचा साक्षीदार म्हणून. त्या दिवशी उपाशी राहिलेली माणसं दोनच होती. त्यातल्या एकाला तुम्ही शिक्षा करताय."

आता कुणी हसलं नाही. त्रिविक्रमराव पिंजऱ्यातून पुटपुटले, "पुट्टी, बस गं. बस."

मॅजिस्ट्रेट वाईट माणूस नसावा. त्यानं लेखणी खाली ठेवली. "बाई, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण जो खातो त्याला हा हुकूम धरत नाही, जो वाढतो त्याला धरतो."

"मग हुकूमच चुकीचा आहे."

"तो बदलायचं काम माझं नाही," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज कोरडा झाला. "पुन्हा बोललात तर बाहेर काढावं लागेल."

शिक्षा झाली ती दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे तुरुंगात न्यायचं नाही, पण त्या दिवशीचं काम संपेपर्यंत तिथंच, पोलिसाच्या नजरेखाली, बसून राहायचं. त्रिविक्रमरावांनी वाकून नमस्कार केला आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले. एका बाजूला खिसेकापू, दुसऱ्या बाजूला पोलीस.

लगोलग तांदळाच्या एका घाऊक व्यापाऱ्याचा पुकारा झाला. गोदामात शेकडो पोती दडवून ठेवलेली सापडली होती. त्याचा वकील झुळझुळीत काळा कोट घालून उठला, प्रकृतीचं काही सांगितलं, आणि पुढची तारीख घेऊन बसला. व्यापारी प्रकृतीनं ठणठणीत. पानाची पिंक टाकायला तो बाहेर गेला तो परतलाच नाही. अहल्या सगळं बघत होती.

दुपारी मॅजिस्ट्रेट जेवायला उठला. आत्या डबा घेऊन भावापाशी गेली. पोलीस तरुण होता, जवळच्याच खेड्यातला. तो म्हणाला, "जेवू दे, अम्मा, मी बघत नाही." पण त्रिविक्रमराव मान हलवत राहिले.

"कैदेत आहे मी. संध्याकाळी घरी जेवू."

"अण्णा," अहल्या दात आवळून म्हणाली, "कोर्टात बसून उपास करायची शिक्षा नाही सांगितली तुम्हाला."

"जेववत नाही गं मला इथं," ते म्हणाले. एवढंच खरं होतं ते. एवढा वेळ ताठ धरलेली त्यांची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. आत्येनं पदर पुढे घेतला आणि ती त्यांच्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहिली, कुणाला दिसू नये म्हणून.

अहल्येच्या मनात तोवर जो राग वडलांवर होता तो त्या क्षणी गेला. बाकीचा सगळा तसाच राहिला.

पद्माकर आला तेव्हा उन्हं कलली होती. कारखान्यातून निघून तसाच आलेला, छातीवर बिल्ला लावलेला. तो दारात घोटाळला. मग आला आणि सासऱ्यांच्या शेजारी, खिसेकापू उठून गेला होता त्या जागी, बसला. तिथं बसायला पोलिसानं हरकत घेतली. "मी जावई ह्यांचा," पद्माकर म्हणाला. "ज्याच्यासाठी हे बसलेत तो मी." पोलिसानं त्याला बसू दिलं. अहल्येनं त्याच्याकडे पाहिलं नाही. उशिरा आलेल्या माणसाला शाबासकी द्यायची तिची तयारी नव्हती.

*

कोर्ट उठल्यावर आत्या त्रिविक्रमरावांना घेऊन घरी गेली. अहल्या पद्माकरबरोबर मल्लेश्वरात परतली. प्रतापराव दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. नंदकिशोर काकांनी आधीच येऊन सगळं सांगितलेलं होतं.

"भर कोर्टात माझं नाव काढलंस!"

"नाव नाही काढलं. सासरे म्हटलं. नाव घ्यायला हवं होतं."

"पद्माकर, ऐकतोस ना ही काय बोलते ती?"

"मामंजी, एक काम करा," अहल्या म्हणाली. तिचा आवाज आता शांत होता आणि त्यामुळे जास्त धारदार झाला होता. "शिक्षा झाली ती झाली. पण अण्णांची कचेरी आता ठरवणार आहे त्यांना ठेवायचं की काढायचं. उद्या सकाळी त्यांच्या साहेबाकडे जा आणि सांगा, की माणसं मी आणली, मी दटावलं. तुम्ही निवृत्त आहात. तुमचं काही जात नाही."

"माझं काही जात नाही?" प्रतापरावांचा चेहरा फुगून लाल झाला. "एका कारकुनाच्या साहेबापुढे जाऊन मी कान धरू? साताऱ्यात आमच्या घराण्याला लोक उठून उभे राहतात!"

"माझ्या वडलांना आज सबंध दिवस बसवून ठेवलं होतं."

"दादा," पद्माकर म्हणाला.

दोघंही वळली. तो दाराशीच उभा होता. बिल्ला काढून त्यानं मुठीत धरला होता.

"तुम्ही नसाल जात, तर मी जातो."

"वेडा झालास? तुझ्या फाइलीत जाईल ते!"

"जाऊ दे."

"बायकोच्या पदराला बांधून घेतोस का रे स्वतःला?"

पद्माकर घाबरलेला होता. त्याचा आवाजही घाबरलेलाच होता. "मी त्या पहिल्या पंगतीत बसलो होतो, दादा. मला दिसत होतं किती माणसं आहेत ते. मी जेवत राहिलो."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी पद्माकर गेला. साहेबानं त्याचं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, कॉफी मात्र विचारली नाही. पुढे दसऱ्याच्या सुमारास त्रिविक्रमरावांना कामावर घेतलं. वार्षिक वाढ थांबवली आणि हेडक्लार्कची खुर्ची काढून घेतली; ज्याला त्यांनी काम शिकवलं तो त्या खुर्चीत बसला. ते रोज वेळेवर जात राहिले. पद्माकरचं निवेदन फिरत फिरत कारखान्यात पोचलं आणि त्याची बढती त्या साली राहिली. नंदकिशोर काकांना काहीच झालं नाही. तांदळाच्या व्यापाऱ्याचा खटला तारखांवर तारखा घेत राहिला. पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही.

अहल्या आणि पद्माकर शेषाद्रिपुरात दोन खोल्या घेऊन राहू लागले. हे सहज झालं नाही. पद्माकर कितीदा तरी मागे वळला, किती रात्री बोलला नाही. आणि तीही त्याला "तुम्ही जेवत राहिलात," हे बरेच दिवस ऐकवत राहिली. मग हळूहळू ऐकवेनाशी झाली.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी प्रतापराव एकटेच आले. पद्माकर कामावर गेलेला. अहल्येनं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं, कॉफी दिली. ते खोलीभर बघत राहिले.

"तुझ्या सासूला बरं नसतं हल्ली. एकटीला होत नाही."

"मी येऊन जाईन रोज."

"रोज येऊन जाण्यापेक्षा या दोघंही परत. झालं गेलं विसर आता. एवढा कसला गं राग?"

"तुम्ही एकदा चामराजपेठेत जा. अण्णांच्या ओसरीवर बसा, आणि म्हणा, की माणसं मी आणली होती. एवढंच. आत्येसमोर म्हणा."

"आता? वर्षानंतर? लोक हसतील."

"कोर्टात अण्णांना हसलेच होते."

प्रतापरावांनी कपातली उरलेली कॉफी संपवली. मग छत्री घेऊन उठले. जिन्यावर त्यांचा पाय अडखळला, तेव्हा अहल्येनं आपसूक हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. खाली उतरेपर्यंत धरूनच होते. वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

चामराजपेठेत ते कधीच गेले नाहीत. सासूबाईंचं दुखणं अहल्येनं शेवटपर्यंत काढलं. रोज बसनं मल्लेश्वरात जायची, त्यांना न्हाऊ घालायची, मऊ भात करून भरवायची, पाय चेपायची. त्याच घरात, त्याच दिवाणखान्यात प्रतापराव पेपर धरून बसलेले असत. त्यांचा चहा ती त्यांच्या हाताशी ठेवायची. औषध संपलं, डॉक्टर काय म्हणाले, उद्या यायला उशीर होईल, हे सगळं ती सासूबाईंना मोठ्यानं सांगायची, प्रतापरावांना ऐकू जावं म्हणून.

आत्या म्हणायची, "किती दिवस अगं? तुझ्या अण्णाच्या मनातसुद्धा राहिलं नाही आता."

"माझ्या मनात आहे," अहल्या म्हणायची.